पंतप्रधानांची उसनी चटई

फांगालेई,
९ मार्च १९७९

अक्का,

उंबऱ्याबाहेरून नमस्कार.

पोचलो. बोटीने दोन दिवस घेतले, त्यातला दीड दिवस मी कठड्याला धरून ओकत होतो. बोटीवर माझ्या शाळेतल्या दोन जुन्या विद्यार्थिनी होत्या. गुरुजींची ही अवस्था बघून त्यांना आधी हसू आलं, मग त्याही कठड्याला येऊन उभ्या राहिल्या.

आपलं पार्लमेंट म्हणजे खोबऱ्याची जुनी वखार आहे. रंग दिलाय, पण ऊन तापलं की अजून वास सुटतो. आम्ही सतरा खासदार. दोघं झोपतात, एकजण सगळ्याला हो म्हणतो. पहिल्याच दिवशी मी धक्क्याचं काढलं. म्हटलं, मोतुसेलाला धक्का नाही, बोट लांब उभी राहते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून आणावं लागतं. राजधानीचे खासदार केफू मालोला म्हणाले, आमच्या या तरुण मित्राला पोहता येत असेलच. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

चटई माझ्या खोलीत भिंतीवर लावली आहे. तुम्ही ती अंगणात अंथरलीत आणि मी तिच्यावर उभा राहून मतं मागितली, तेव्हा काय बोललो ते आता आठवत नाही, पायाखालची वीण मात्र आठवते. इथे लोक मुद्दाम बघायला येतात.

मी बारा वर्षांचा झालो तेव्हापासून आपण एका छपराखाली बसलो नाही की समोरासमोर बोललो नाही. आपल्याकडची भावाबहिणीची रीतच ती. पण कागदाला ती लागू नाही हे बोटीवर लक्षात आलं. म्हणून एवढं लिहिलं.

इसिलेली

•

मोतुसेला,
२ एप्रिल १९७९

लेली,

पत्र आईला वाचून दाखवलं. ओकण्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला.

कागदाला रीत लागू नाही हे तू बरं शोधलंस. मग आता स्पष्टच लिहिते, जे पाद्रीबाबांच्या बायकोकडून निरोपाने सांगता येत नव्हतं. चटई तुला दिलेली नाही. उसनी दिलीय. भावाला उभं करायला बहिणीने अंथरायची, तेवढ्यापुरतीच. आईने ती लग्नाआधी सुरू केली आणि तू झालास तेव्हा काठाला लाल पिसं लावली. अकरा वर्षं. तिचे डोळे त्यात गेले. मला त्यातच गुंडाळून पुरा, हे ती मला दर रविवारी चर्चमधून येताना सांगते, मी विसरेन म्हणून. तेव्हा चटईवर ऊन पडू देऊ नकोस, आणि वर्षातून एकदा खोबरेलाचा हात फिरव.

इकडची बातमी म्हणजे पौलासी काका. ईस्टरला भरपूर कावा पिऊन त्या नशेत त्यांनी पाद्रीबाबांना डुकरीण देऊन टाकली. चार दिवसांनी कळलं की ती गाभण आहे, तर गेले परत मागायला. डुकरीण मिळाली, पण दिलेलं परत मागणाऱ्याला आपल्याकडे वर्षभर कुठल्याही सभेत तोंड उघडता येत नाही, ते काय चुकतंय? आता बैठकीत मूग गिळून बसतात आणि नुसते डोळे वटारतात. काकू म्हणते, घरातही तेच सुरू करा. त्यांना बहीण असती तर तिने जाऊन मागून आणली असती आणि कोणी चकार शब्द काढला नसता, बहिणीने मागायला आपल्यात आडकाठी नाही. पण त्या बिचाऱ्यांना नुसते पाच भाऊ.

जेवत जा.

मेलेआने

•

फांगालेई,
२० नोव्हेंबर १९८४

अक्का,

उंबऱ्याबाहेरून नमस्कार.

रेडिओवर ऐकलंच असेल. काल मी पंतप्रधान झालो. नऊ विरुद्ध आठ.

आधीचे पंतप्रधान आजारपणामुळे पायउतार झाले, आणि केफू मालोलांनी खुर्ची आपलीच धरून नवा सूटसुद्धा शिवून घेतला होता. आम्ही आठजण एका बाजूला होतो. समोरच्यांनी कोणाला फोडू नये म्हणून चार दिवस एका खाणावळीच्या माडीवर कोंडून घेतलं होतं. पत्ते खेळलो, टिनमधलं गोमांस आणि अळकुड्या खाल्ल्या. दोघांची घोरण्यावरून भांडणं झाली आणि त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत झोपवावं लागलं. नववा माणूस दक्षिणेकडच्या बेटाचा खासदार. त्याला आरोग्यखातं हवं होतं, ते दिलं. मग मासेमारी पण हवं म्हणाला, ते पण दिलं. राज्य असं चालतं अक्का, शाळेत शिकवत होतो तसं नाही.

या निवडणुकीलाही तुम्ही चटई अंथरलीत म्हणून हे झालं. ती आता माझ्या ऑफिसात, खुर्चीच्या मागे लावली आहे. बाहेरचे वकील-राजदूत येतात ते आधी चटईकडे बघतात, मग माझ्याकडे.

धक्का आता माझ्या हातात आहे. आईला सांगा.

इसिलेली

•

मोतुसेला,
१४ डिसेंबर १९८४

लेली,

सांगितलं. आई म्हणाली, पाच वर्षं झाली, तो बोलतोय का बांधतोय ते विचार.

इकडे दोन डुकरं भाजली, चर्चमध्ये जास्तीची तीन गाणी झाली. पोस्टातल्या अतेलीनाने रेडिओ खिडकीत आणून ठेवला होता आणि आकडा आला तशी ती टेबलावर चढून नाचली, टेबल सरकारी आहे. पौलासी काका सांगत सुटलेत की तुला पोहायला त्यांनीच शिकवलं. मला त्या दिवशी दोन वेळा तोंड धुवायला मागच्या दारी जावं लागलं. आनंदाने रडू येतं ते खरं आहे.

आता दुसरं. गेल्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला न्यायचं होतं. जाताना आणि येताना पौलासींच्या मुलाच्या पाठीवर बसून पाण्यातून गेली. येताना लाट आली, दोघं पडली. पंतप्रधानांची आई नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होती आणि सगळा किनारा बघत होता. तुझं राज्य असेल तिकडे, इकडे अजून समुद्राचंच आहे.

आणि चटई खुर्चीच्या मागे लावलीस म्हणतोस, तर जरा वर लाव. डोकी टेकून तेलकट डाग पडतील. उसनी वस्तू भिंतीवर फार दिवस राहिली की आपलीच वाटायला लागते, म्हणून आठवण केली. रागवू नकोस.

मेलेआने

•

फांगालेई,
१४ मे १९८६

अक्का,

उंबऱ्याबाहेरून नमस्कार.

काम फत्ते. पलीकडच्या मोठ्या देशाचे परराष्ट्रमंत्री सोमवारी येऊन गेले. धक्क्याच्या करारावर सही झाली. सिमेंट, लोखंड, इंजिनियर सगळं त्यांचं. दोन-तीन महिन्यांत मोतुसेलाला काम सुरू.

पाहुणे चांगले होते. उंचच उंच, गुलाबी, आणि सतत घाम पुसत होते. कावा एका घोटात प्यायले आणि जीभ बधिर झाली तरी हसत राहिले. भाषणं झाली, जेवण झालं, भेटवस्तू वगैरे झाल्या. केफू मालोलांना पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली नाही म्हणून ते जेवण अर्धं टाकून गेले.

आईला म्हणावं, पुढच्या वर्षी बोटीतून कोरड्या पायांनी उतरशील.

घाईत आहे.

इसिलेली

•

मोतुसेला,
८ जून १९८६

लेली,

धक्क्याचं ऐकून सगळ्यांना बरं वाटलं.

आई पडली. चुलीजवळच्या दगडावरून पाय सरकला. कमरेचं हाड आहे, नर्स म्हणाली या वयात ते जुळत नाही, राजधानीला नेऊनही उपयोग नाही. ती अंथरुणाला खिळली आहे. बोलते नीट, जेवते थोडं. घाबरण्यासारखं आज काही नाही, पण हा आता उतारच आहे, उगाच तुला खोटं कशाला सांगू.

चटई पुढच्या बोटीने पाठव. ती मागते आहे. तिला ती जवळ हवी आहे.

मेलेआने

•

फांगालेई,
२५ जून १९८६

अक्का,

उंबऱ्याबाहेरून नमस्कार.

आईचं दोनदा वाचलं. पार्लमेंट चालू आहे, नऊ-आठवर एक दिवससुद्धा जागा सोडता येत नाही. अधिवेशन संपलं की येतो.

चटईचं असं झालं आहे की तिला कसर लागली होती. इथे एक जाणकार आहे, त्याच्याकडे औषध मारायला दिली आहे, वेळ लागेल म्हणतो. तोवर दुसरी पाठवतो आहे. दक्षिणेकडची आहे, फार बारीक विणीची, आपल्याहीपेक्षा बारीक म्हणतात. आईच्या पायांवर घाला, तिला बरं वाटेल.

इसिलेली

•

मोतुसेला,
२० जुलै १९८६

माननीय पंतप्रधानसाहेब यांस,

आपण पाठवलेली चटई पोचली. आपल्या आज्ञेप्रमाणे ती आपल्या मातोश्रींच्या पायांवर घातली.

त्यांना दिसत नाही हे आपण जाणताच. त्यांनी काठावरून बोटं फिरवली. त्यांच्या स्वतःच्या चटईच्या कोपऱ्यात त्यांनी एक गाठ उलटी मारलेली आहे, आपल्या जन्माच्या दिवशी कळा सुरू झाल्या तेव्हा ती तशी पडली आणि त्यांनी ती तशीच ठेवली. त्यांनी चारही कोपरे चाचपले. मग विचारलं, ही कुणाची? मी म्हटलं, आई, तुझीच. माझ्या वयाच्या बाईने आपल्या आईशी खोटं बोलावं, ते आपल्यामुळे बोलावं लागलं.

सोबत एक कात्रण जोडलं आहे. वाण्याने साबण ज्या कागदात बांधून दिला त्यातलं आहे. फोटोत उंच गृहस्थ आहेत, त्यांच्या खांद्यावर लाल पिसांचा काठ आहे, आणि शेजारी आपण हसत आहात. हा कागद माझ्याकडे मी चटई मागितली त्याच्या आधीपासून आहे. आपण खरं काय ते लिहाल म्हणून मी थांबले होते. कसर लागली म्हणालात.

परवा मी आईला सगळं सांगितलं. तिने ती दक्षिणेकडची चटई पायांवरून बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे आता मला मरता यायचं नाही. बरं, थांबते."

तिला वेदना आहेत. ती थांबली आहे, एवढं आपणास कळावं.

मेलेआने

•

फांगालेई,
३ ऑगस्ट १९८६

अक्का,

मला लेली म्हणा. वाटेल तेवढ्या शिव्या द्या, पण साहेब म्हणू नका.

जसं झालं तसं लिहितो. पाहुण्यांसाठी सरकारी कोठारातली चटई काढून ठेवली होती. ऐन वेळी उघडली तर तिला उंदरांनी मधोमध कुरतडलेलं. जेवण झालं होतं, पाहुणा निरोप घ्यायला माझ्या ऑफिसात उभा होता. आपल्या घरी जेवलेला पाहुणा रिकाम्या खांद्याने जातो का? सगळे माझ्याकडे बघत होते, केफू मालोलांची माणसं तर दात काढायला टपलेलीच. मी मागे वळलो आणि भिंतीवरून ती काढली. सेक्रेटरीने नाही, नोकराने नाही, मी स्वतः काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणाल धक्क्यापायी आईची चटई विकली, तर तसंच समजा.

आता परत कशी मागू? पौलासी काकांचं तुम्हीच लिहिलं होतंत. दिलेलं परत मागितलं की वर्षभर सभेत तोंड बंद. माझी सभा म्हणजे पार्लमेंट. मुका पंतप्रधान चार दिवस टिकायचा नाही. केफू मालोला तेवढ्याचीच वाट बघताहेत, आणि ते आले की मी सुरू केलेल्या शाळा, दवाखान्याची बोट, कशाचं काय होईल देव जाणे.

पाहुण्यांचा पत्ता सोबत दिला आहे. त्यांना आपल्या रीती माहीत नाहीत, पण कोणीही मागितलं तर ते नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. घरच्या बाईमाणसाने लिहिलं तर कोणाला काही वावगंही वाटणार नाही.

आईला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

लेली

•

मोतुसेला,
२४ ऑगस्ट १९८६

लेली,

पत्र मिळालं. पत्ता मिळाला.

सिमेंटची पोती आली, किनाऱ्यावर ताडपत्रीखाली ठेवलीत. इंजिनियर चर्चच्या आवारात तंबू ठोकून राहतो आणि नीरफणस भाजून खायला शिकलाय. खांब रोवायला सुरुवात झाली.

आईला पाठीवर फोड आले आहेत. मी आणि काकू तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवतो. काल तिने विचारलं, लेल्याने मागितली का? मी म्हटलं, अजून नाही. म्हणाली, मागेल.

मेलेआने

•

फांगालेई,
७ ऑक्टोबर १९८६

अक्का,

उंबऱ्याबाहेरून नमस्कार.

तुमच्या पत्रानंतर दोन बोटी आल्या, त्यांत तुमचं काही नव्हतं. मग गेल्या महिन्याच्या बारा तारखेला मी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं की चटई परत हवी आहे, ती माझी नव्हती, आईची होती. सेक्रेटरी म्हणाला, गुपचूप मागून घेऊ, कोणाला कळणार नाही. पण पहिल्यापासून लपवालपवीच चालली होती, पुरे झाली. मी पत्राची प्रत पार्लमेंटच्या टेबलावर ठेवली आणि खाली बसलो. तेव्हापासून सभागृहात एक शब्द बोललेलो नाही.

आठवड्याच्या आत अविश्वासाचा ठराव आला. पोस्टात सगळ्यांनी रेडिओवर ऐकला असेल. दोन तास चर्चा झाली. केफू मालोलांनी मला काय काय म्हटलं! धक्क्याचं श्रेयसुद्धा स्वतःकडे घेतलं, म्हणे कल्पना १९७९ पासून त्यांचीच. सभापतींनी मला दोनदा विचारलं, पंतप्रधानांना उत्तर द्यायचं आहे का. कायद्यात मला काही अडचण नव्हती, बोललो असतो तर कोणी पकडून नेलं नसतं. पण समोर सोळाजण होते, त्यांच्यातला एकही रीत न मानणारा नाही, आणि सतरावा मी. मी मान हलवली. माझ्याकडे उत्तरं होती अक्का, एकेका मुद्द्याला होती. ती सगळी गिळली. असा त्रास मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दक्षिणेकडचा खासदार फुटला. आरोग्य, मासेमारी आणि वर टपालखातं. आठ विरुद्ध नऊ.

एक गोष्ट राहिली. मागच्या पत्रात मी धक्क्यापायी चटई गेली असं तुम्हाला समजू दिलं. ते खरं नाही. करारावर सकाळीच सही झाली होती. जेवणाच्या वेळी कशाचीच गरज नव्हती, पाहुण्याला नारळाची टोपली दिली असती तरी चाललं असतं. मला मोठं दिसायचं होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा बरंही वाटलं.

ऑफिस रिकामं करतो आहे. मंत्र्यांचं उत्तर आलेलं नाही.

लेली

•

मोतुसेला,
३० ऑक्टोबर १९८६

लेली,

चटई आली.

धक्का अर्धाच झालाय, पण बोटवाल्याने बोट हळूहळू आणून टोकाला लावली. त्या धक्क्यावर कोरडी उतरलेली पहिली वस्तू म्हणजे ती पेटी. इंजिनियरने स्वतः उचलून घरापर्यंत आणली. आत मंत्र्यांच्या ऑफिसातल्या कोणा बाईचं पत्र आहे, दोनच ओळी. वस्तू सुस्थितीत कपाटात होती, परत पाठवताना आनंद होत आहे, आपल्या मातोश्रींना शुभेच्छा. बस्स. त्यांना काहीच वाटलेलं नाही. तुझी खुर्ची गेली ती आपल्या माणसांनी घेतली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

चटईला डांबरगोळ्यांचा वास येत होता. आईने नाकाशी धरली आणि म्हणाली, "ही कुठे जाऊन आली गं, दवाखान्यात?" मग कोपऱ्यातली उलटी गाठ सापडेपर्यंत बोटं फिरवत राहिली. सापडल्यावर तिने विचारलं, कोणी मागितली? मी म्हटलं, लेलीने. तिने ते अजून दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. काल वाटीभर पेज मागून प्यायली.

आता ती थांबायची नाही. अधिवेशन, ऑफिस काही राहिलं नाही ना तुझं? मग ये.

मेलेआने

•

मोतुसेला,
१८ जानेवारी १९८७

लेली,

हे पत्र काकूच्या हाती पाठवतेय, पोस्टाचा खर्च नको. वीस पावलांवर तर बसला आहेस तू.

आई जाऊन दोन महिने झाले. तू तिच्या शेवटच्या नऊ दिवसांत उशाशी होतास आणि मी दाराबाहेर, मग मी आत आणि तू दाराबाहेर. दोघांनी एकदम तिच्याजवळ बसावं असं फार वाटत होतं, पण नाही जमलं. तिला गुंडाळलं तेव्हा लाल काठ गळ्यापर्यंत आला. बायका म्हणाल्या, एवढी भरगच्च चटई या बेटावर कोणाला मिळाली नव्हती. तू फणसाच्या झाडाखाली उभा राहून रडत होतास ते मी खिडकीतून बघितलं.

काल धक्क्याचं उद्घाटन झालं. पंतप्रधान केफू मालोला कोरड्या बुटांनी उतरले आणि दगडावर त्यांचं नाव आहे. तू गर्दीत मागे उभा होतास आणि गप्प होतास. लोक माझ्याकडे बघत होते. तेव्हा ठरवलं की हे आता लिहायचंच.

तू तो पत्ता कशाला पाठवला होतास ते मला कळलं होतं. घरच्या बाईमाणसाने, असं लिहिलं होतंस. मी बहीण आहे, मी मागितली असती तर काही बिघडलं नसतं. चटई आली असती, खुर्ची राहिली असती, आणि काल त्या दगडावर तुझं नाव असतं. मी कागद घेऊन बसलेही होते. आई म्हणाली, काय लिहितेस? मी सांगितलं. तिने विचारलं, "दिली कोणी?" मी कागद ठेवून दिला.

पण सगळं तिच्यावर ढकलत नाही. तिने विचारलं नसतं तरी मी ते पत्र टाकलं नसतं. तू मागायलाच हवं असं माझ्या मनात होतं. आईला त्यासाठी दोन महिने कळा सोसाव्या लागल्या, तेही मला दिसत होतं, दर दोन तासांनी मीच वळवत होते तिला. तरी नाही टाकलं. बरोबर केलं का चूक, अजून मला ठरवता येत नाही. राग असेल तर लिही.

मेलेआने

•

१८ जानेवारी, दुपार

अक्का,

उंबऱ्याबाहेरून नमस्कार. आज पहिल्यांदा खरोखरच उंबऱ्याबाहेर बसून लिहितो आहे.

राग होता. तुमचं सिमेंटच्या पोत्यांचं पत्र आलं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. पुढच्या दोन बोटींची फांगालेईच्या धक्क्यावर स्वतः जाऊन वाट बघितली, म्हटलं अक्का विरघळेल. दुसरी बोट रिकामी आली तेव्हा कळलं की तुम्ही मागणार नाही. त्याच दिवशी मी पत्र लिहायला घेतलं. तुम्ही मागितली असती तर आजही मी तिकडे खुर्चीत असतो, आणि आईच्या उशाशी नऊ दिवस बसायला मला तोंड नसतं. दगडावरच्या नावाचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू, फार वाटतं. काल रात्रीचं जेवण गेलं नाही.

तुम्ही विणायला घेतलं आहे असं काकू म्हणाल्या, आणि केवड्याची पानं खरवडायला माणूस नाही. पुरुषाने ते करायचं नसतं हे माहीत आहे. पण सभेत बोलता येत नाही, शाळेत जागा नाही, हात रिकामे आहेत. सकाळपासून शिंपल्याने एक जुडी खरवडली. उंबऱ्यावर ठेवली आहे. बैठकीतले लोक हसून गेले, पौलासी काका तेवढे शेजारी बसून राहिले.

कोणासाठी विणताय ते विचारत नाही.

लेली

•

१८ जानेवारी, संध्याकाळ

लेली,

विचारलंच आहेस ते. माझ्यासाठी. मलाही कधीतरी जायचंच आहे.

सात-आठ वर्षं लागतील. १९८९ च्या निवडणुकीला व्हायची नाही. त्याच्या पुढच्या निवडणुकीला झाली असेल आणि तुला उभं राहायचं असेल, तर अंगणात अंथरीन. पण उसनी. आणि मी मागायला येणार नाही, तूच आणून द्यायची.

आजची पानं जाड राहिलीत. पुन्हा खरवड.

मेलेआने